'लौंग दा लश्कारा' : ही लवंग कुठली?

प्रश्न : जगजीत सिंग यांचं संगीत असलेल्या 'लौंग दा लश्कारा' या १९८६ च्या पंजाबी चित्रपटाच्या नावाचा अर्थ काय? 'लश्कारा'चा लष्कराशी काही संबंध?

लष्कराशी संबंध नाही. 'लष्कर' हा शब्द फारसीतून आलेला. पंजाबीत 'लिश्कणा' म्हणजे चमकणे. आभाळात वीजसुद्धा 'लिश्कते'. त्यावरून लिश्कारा किंवा लश्कारा. 'दा' म्हणजे आपला 'चा'. आणि लौंग म्हणजे लवंगच, पण मसाल्याच्या डब्यातली नव्हे, नाकातली. दागिन्याला आकारावरून नाव पडलं, जसं आपल्याकडे मिरचीला आणि फटाक्याला 'लवंगी' म्हणतात. मराठी बाई तिला चमकी म्हणेल.

पण 'चमकीची चमक' असा अनुवाद केलात तर मजा गेली. लश्कारा सतत झळकत नसतो. मान वळली, ऊन खड्यावर पडलं, क्षणात डोळे दिपले, संपलं. मला 'चमकीची तिरीप' त्यातल्या त्यात बरं वाटतं.

हे नाव दिग्दर्शक हरपाल टिवाणांच्या या चित्रपटाच्या कितीतरी आधीपासून लोकगीतात आहे :

तेरे लौंग दा पिया लश्कारा, हाळियां ने हळ डक्क लए

इथला 'पिया' म्हणजे प्रियकर नव्हे! 'पैणा' म्हणजे पडणे, त्याचं हे भूतकाळी रूप : पडला. हाळी म्हणजे नांगरणारा. (पंजाबीतही ळ आहे, फक्त गुरुमुखी लिपीत बहुतेकदा साधा ल लिहून भागवतात, म्हणून आपल्याला तो दिसत नाही.) डक्कणे म्हणजे अडवणे, थांबवणे. तुझ्या चमकीची तिरीप पडली आणि नांगरणाऱ्यांनी नांगर थांबवले. ती एकटी, ते अनेक, आणि सगळं शिवार जागच्या जागी उभं. पोरीच्या रूपाबद्दल एक अक्षर नाही, तरी सगळं कळतं.

अशीच गफलत याच चित्रपटात जगजीत सिंगांनी गायलेल्या 'मैं कंडियाली थोर वे सजणा' या पंजाबी कवी शिवकुमार बटालवींच्या रचनेत होते. मराठी कानाला वाटतं, कुणी थोर व्यक्ती आहे. पंजाबीत थोर म्हणजे निवडुंग, कंडियाली म्हणजे काटेरी. 'सजणा, मी काटेरी निवडुंग' असं ती म्हणते आहे, आणि पुढच्याच ओळीत सांगते की उगवलेही उजाड माळावर.