हरणाऱ्या रग्बी लीग संघाचा कोच बदलून खरंच काही फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की सिडनीत नवीन आहात, सोमवारी सकाळी ऑफिसात ‘कोचला हाकला’ हा एकच विषय असतो, आणि त्याच्या जागी कोणाला आणायचं यावर माणसं तावातावानं भांडतात. यात तथ्य किती आणि टाइमपास किती, हा तुमचा प्रश्न.

फरक पडतो, पण संघात मुळात दम असेल तर. संघच उभा नसेल तर नवा कोच हा फक्त पुढचा बळी असतो. मी पश्चिम सिडनीत राहतो, इथे वेस्ट्स टायगर्सचे चाहते पावलोपावली भेटतात, त्यामुळे हा वाद पोटभर ऐकलाय.

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं. आपल्याकडे हरलं की आधी कॅप्टनला धरतात. रग्बी लीगमध्ये पहिला दगड कोचवर पडतो. सहा टॅकलच्या आत (चेंडूवाल्याला सहा वेळा पाडलं की चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो) काय करायचं, चेंडू कुणाकडून कुणाकडे जायचा, दमलेल्याला बाहेर कधी घ्यायचं, हे बहुतेक आठवडाभर सरावात घोटलेलं असतं आणि उरलेलं तो वर काचेच्या खोलीत बसून ठरवतो. खाली कुणाच्या हातून चेंडू सुटला की कॅमेरा लगेच त्या खोलीकडे वळतो. चेहरा कोचचा दिसतो, मग शिव्याही त्यालाच.

टीव्हीवर न दिसणारी गोष्ट म्हणजे करार. प्रत्येक क्लबला खेळाडूंच्या एकूण पगाराची कमाल मर्यादा आहे आणि खेळाडू दोन-तीन, कधी पाच वर्षांसाठी बांधलेले असतात. दुसऱ्या क्लबच्या खेळाडूशी बोलणी करायची तर त्याच्या कराराचं शेवटचं वर्ष लागण्याआधीच्या १ नोव्हेंबरपर्यंत थांबायचं. म्हणजे हंगामाच्या मध्यावर आलेल्या कोचला आधीच्यानं जमवलेला संसारच चालवावा लागतो. स्वतःच्या मनासारखा संघ उभा राहायला सहज दोन वर्षं जातात, आणि चाहत्यांचा संयम दोन महिन्यांचा.

आता टायगर्स. बालमेन आणि वेस्टर्न सबर्ब्स हे दोन जुने क्लब एकत्र येऊन २००० सालापासून हा संघ खेळतोय. २००५ मध्ये टिम शीन्स कोच असताना विजेतेपद मिळालं. २०११ नंतर मात्र २०२५ पर्यंत एकदाही पहिल्या आठात, म्हणजे बाद फेरीत, नाव नाही. शीन्स २०१२ मध्ये गेले, मग मिक पॉटर, मग जेसन टेलर. टेलरना २०१७ च्या हंगामातले तीनच सामने झाल्यावर घरी पाठवलं.

मग आले आयव्हन क्लिअरी. त्यांना पेनरिथ या सिडनीतल्याच दुसऱ्या क्लबनं २०१५ च्या शेवटी काढलं होतं. टायगर्समध्ये ते ‘आपली बस’ वगैरे भाषा करायचे, कोण बसमध्ये आहे आणि कोण नाही. २०१८ च्या अखेरीला, करार शिल्लक असताना, ड्रायव्हरच उतरून परत पेनरिथला गेला. बसवरचे विनोद इथे अजून संपलेले नाहीत. त्याच क्लिअरींनी पेनरिथला २०२१ ते २०२४ अशी सलग चार विजेतेपदं मिळवून दिली.

त्यांच्या जागी मायकेल मॅग्वायर. साउथ सिडनी क्लबला २०१४ मध्ये, तब्बल ४३ वर्षांनी, विजेतेपद मिळवून देणारा माणूस. टायगर्समध्ये साडेतीन हंगाम धडपडला आणि जून २०२२ मध्ये त्याची गच्छंती झाली. त्या वेळी माझ्या ओळखीतले यच्चयावत टायगर्सवाले म्हणत होते की हा माणूस फार कडक आहे, त्याचा जमाना संपला. पुढे त्यानं २०२४ मध्ये न्यू साउथ वेल्सला स्टेट ऑफ ओरिजिन ही क्वीन्सलंडविरुद्धची दरवर्षीची राज्यांची मालिका जिंकून दिली आणि २०२५ मध्ये ब्रिस्बेन ब्रॉन्कोसला विजेतेपद. एका क्लबनं ज्यांना गमावलं असे दोन कोच लागोपाठ दुसरीकडे जाऊन राजे झाले, तर घोडं कुठे पेंड खातंय हे वेगळं सांगायला नको.

मॅग्वायरनंतर सगळ्यांना कॅमेरॉन सिराल्डो हवा होता, क्लिअरींच्या हाताखालचा सहायक. क्लबनं त्याला गळ घातली, तो नाही म्हणाला आणि कँटरबरी बुलडॉग्जकडे गेला. मग जुन्या शीन्सनाच परत आणलं आणि २००५ च्या विजयातला लाडका खेळाडू बेंजी मार्शल त्यांच्या हाताखाली तयार होईल असं ठरलं. २०२३ चा तो हंगाम मी विसरणं शक्य नाही. मे महिन्यात टायगर्सनी नॉर्थ क्वीन्सलंड काउबॉइजना ६६-१८ असं धुतलं आणि सहा आठवड्यांनी त्याच काउबॉइजकडून ७४-० नं मार खाल्ला. कोच तोच! सत्तरी ओलांडलेल्या शीन्सना मे महिन्यात ‘अनुभवी’ म्हणणारे जुलैत ‘म्हातारा’ म्हणायला लागले.

२०२२, २०२३, २०२४ अशी ओळीनं तीन वर्षं शेवटचा नंबर, इथल्या भाषेत ‘लाकडी चमचा’. यातल्या पहिल्या वर्षी मॅग्वायर आणि त्याच्यानंतर तात्पुरता ब्रेट किमोर्ली, दुसऱ्या वर्षी शीन्स, तिसऱ्या वर्षी बेंजी. २०२३ संपता संपता क्लबच्या कारभाराची बाहेरच्या लोकांकडून तपासणी झाली आणि अध्यक्ष व मुख्य अधिकारी दोघेही गेले. हे आधी व्हायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे, पण ‘अध्यक्ष बदला’ म्हणून ऑफिसात कोण भांडणार? त्या पदावर कोण बसलंय हे निम्म्या चाहत्यांना माहीत नसतं. बदलानंतर जादू झाली असंही नाही: २०२४ च्या शेवटच्या सामन्यात पॅरामॅटाकडून ६०-२६ नं हरून चमचा पदरात पडला. २०२५ मध्ये पेनरिथहून जरोम लुआई आला आणि संघ तेराव्या नंबरवर सरकला.

बदल लागू पडल्याचं उदाहरण म्हणजे ब्रिस्बेन. केव्हिन वॉल्टर्स त्यांचा घरचा माणूस, खेळाडू म्हणून तिथलीच विजेतेपदं नावावर. २०२३ च्या फायनलमध्ये पेनरिथकडून फक्त दोन गुणांनी हरला, पुढच्या वर्षी संघ बाराव्या नंबरवर घसरला आणि त्याला काढलं. तेव्हा मला तो अन्याय वाटला होता आणि थोडासा अजूनही वाटतो. पण संघ तयार होता, रीस वॉल्शसारखे खेळाडू हाताशी होते, कमी होती ती शिस्तीची. मॅग्वायरचा जो कडकपणा टायगर्सना जाचला, तोच इथे औषध ठरला.

नव्या कोचच्या चर्चेत नावं तीनच प्रकारची येतात. एक, घरचा माणूस, म्हणजे वॉल्टर्स किंवा बेंजी. याच्यामुळे चाहते वर्षभर गप्प बसतात, क्लबला तेवढंच हवं असतं. दोन, वेन बेनेट. कुठल्याही क्लबचा कोच डगमगला की हे नाव येणारच. १९५० चा जन्म, सात विजेतेपदं. एप्रिल २०२४ मध्ये साउथ सिडनीनं जेसन डेमेट्रिऊंना काढलं आणि महिन्याभरात पुढच्या वर्षासाठी बेनेट ठरले. २०२५ मध्ये संघ चौदावा आला. दुखापतींनी कंबरडं मोडलं होतं हे खरं, पण बेनेट आले की आपोआप सगळं सुधारतं हा समज तरी त्यातून जायला हरकत नव्हती. गेला नाही.

तिसरा प्रकार म्हणजे जिंकणाऱ्या क्लबातला सहायक. हा जुगार मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. मेलबर्न स्टॉर्मचे क्रेग बेलामी स्वतः ब्रिस्बेनमध्ये बेनेटचे सहायक होते, आणि मॅग्वायर बेलामींच्या हाताखाली शिकला. पण अँथनी सीबोल्डचं काय झालं तेही बघा. साउथ सिडनीत २०१८ चा एकच हंगाम झकास गेला, ब्रिस्बेननं त्याला उचललं आणि बेनेट साउथ सिडनीत आले, चक्क अदलाबदल. २०१९ च्या बाद फेरीत ब्रिस्बेन ५८-० नं हरलं आणि २०२० मध्ये त्यांच्या इतिहासातला पहिला लाकडी चमचा आला. सीबोल्ड हंगाम संपायच्या आतच गेला होता. एका वर्षाच्या पुराव्यावर माणूस उचलला की असं होतं. सिराल्डोचं उलट झालं. २०२३ मध्ये बुलडॉग्ज न्यूकासलकडून ६६-० नं हरले, पंधरावे आले, लोक त्याच्या नावानं खडे फोडायला लागले. क्लबनं हात लावला नाही. २०२४ ला सहावे, २०२५ ला तिसरे.

तेव्हा सोमवारी कुणी एखादं नाव पुढे केलं की त्याला इतकंच विचारा: पुढच्या वर्षी आपला हाफबॅक, म्हणजे मैदानावर चाली रचणारा खेळाडू, कोण आहे, आणि त्याचा करार कधी संपतो? ज्याला हे सांगता येईल त्याच्याशी खुशाल तासभर बोला. बाकीचे तोवर बेनेटवर पोचलेले असतील.