नर्सरीतला 'अक्रोड', पानांचा काढा आणि माना टाकणारे टोमॅटो

जावळी तालुक्यातील एका शेतकऱ्याने विचारले आहे : "नर्सरीवाला अक्रोडाची रोपे देतोय, तीन वर्षांत फळ धरेल म्हणतो. डोंगराकडच्या अर्ध्या एकरात लावू का?" काश्मीरच्या अभ्यासदौऱ्याहून परतलेल्या जुन्नरच्या गटाचा प्रश्न असा : "अक्रोडाखाली दुसरे पीक नीट येत नाही, असे तिथे ऐकले. मग पाल्याचा अर्क तणनाशक म्हणून मारता येईल का?" एका ताईंना आईच्या मधुमेहासाठी अक्रोडाच्या पानांचा काढा सुरू करायचा आहे. आणि मूळच्या सांगलीच्या, आता अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या वाचकाची तक्रार आहे की परसातल्या काळ्या अक्रोडाजवळ लावलेली टोमॅटोची रोपे पाणी देऊनही माना टाकतात.

जावळीकरांचे उत्तर आधी देतो, कारण त्यांचे पैसे अजून खिशात आहेत. लावू नका. खऱ्या अक्रोडाला हिवाळ्यात सात अंशांखालच्या थंडीचे साधारण 700 ते 1500 तास लागतात. तेवढी थंडी मिळाली तरच डोळे नीट फुटतात आणि फुलोरा वेळेवर येतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठते, त्याचे फोटो आपण सगळेच पाहतो. पण दुपारी तिथेच ऊन तापलेले असते. त्या चार पहाटांवर अक्रोडाचे भागत नाही. देशातले बहुतेक अक्रोड जम्मू-काश्मीरमधून येतात, थोडे हिमाचल आणि उत्तराखंडातून, ते याच कारणाने. शिवाय तिथेही कलमी झाडाला फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात आणि बियांपासूनच्या झाडाला आठ-दहा किंवा त्याहून जास्त. तेव्हा 'तीन वर्षांत फळ' ऐकले की सावध व्हा.

मग नर्सरीवाल्याकडे आहे तरी काय? बहुधा रानअक्रोड. याला जंगली अक्रोडही म्हणतात. हे झाड आपल्या हवामानात मजेत वाढते, पण ते एरंडाच्या कुळातले, अक्रोडाशी त्याचे नाते नाही. ओळखायला सोपे आहे. रानअक्रोडाचे पान एकसंध, तीन-पाच टोकांचे, कोवळेपणी पांढुरके पीठ लावल्यासारखे. खऱ्या अक्रोडाचे पान संयुक्त असते, एका दांड्यावर पाच ते नऊ पर्णिका, आणि चुरगळले की उग्र वास येतो. खात्री हवी तर खऱ्या अक्रोडाची फांदी उभी चिरून पाहा : आतला गाभा शिडीच्या पायऱ्यांसारखा कप्प्याकप्प्यांचा दिसतो. रानअक्रोडाची बी कच्ची खाल्ली तर उलट्या आणि जुलाब होतात. इंडोनेशियात ती स्वयंपाकात वापरतात, पण भाजून किंवा शिजवून, तीही थोडीच. घरात लहान मुले असतील तर बांधावरसुद्धा हे झाड विचार करूनच लावा.

आता रसायनाकडे. अक्रोडाची हिरवी फळे सोलणाऱ्यांचे हात काळे-तपकिरी होतात आणि तो डाग साबणाने जात नाही. हे काम जुग्लोन नावाच्या द्रव्याचे. गंमत म्हणजे आपल्या मेंदीचा रंग देणारा लॉसोन हा जुग्लोनचा सख्खा भाऊ. दोघांची रेणूरचना जवळपास एकच, फक्त हायड्रॉक्सिल गटाची जागा निराळी. उत्तर भारतात दातांसाठी आणि ओठ रंगवायला अक्रोडाची साल विकतात, त्या रंगामागेही हेच द्रव्य. जिवंत पानात, मुळात आणि फळाच्या हिरव्या सालीत जुग्लोन बहुतांशी साखरेशी जोडलेल्या, रंगहीन, निरुपद्रवी रूपात असतो. पेशी फुटली, हवा लागली की साखर सुटते आणि जुग्लोन तयार होतो. संवेदनशील रोपांच्या मुळांना तो मिळाला की त्यांचे श्वसन बिघडते आणि रोप कोमेजते.

सर्वांत जास्त जुग्लोन काळ्या अक्रोडात, म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या त्या झाडात. काश्मिरी अक्रोडात तो बराच कमी. टोमॅटो, बटाटा, वांगी, मिरची, कोबी ही पिके त्यापुढे नाजूक ठरतात. मका, घेवडा, कांदा, बीट, गाजर, भोपळा बऱ्यापैकी तग धरतात. तेव्हा टोमॅटो खोडापासून 15 ते 20 मीटर दूर न्या. तेवढी जागा नसेल तर खाली जाड अस्तर घालून उंच वाफा करा, आणि त्यात पडणारी पाने व फळांच्या साली वरचेवर उचला. जमिनीत पाणी तुंबू देऊ नका, निचरा चांगला असेल तर मातीतले जिवाणू जुग्लोन लवकर मोडतात. नीट कुजलेले कंपोस्ट वापरायला हरकत नाही. पाने तशीच आच्छादन म्हणून मात्र पसरू नका. एक शंका मनात ठेवा : मर रोगातही टोमॅटो अशाच माना टाकतो. झाडापासून लांबच्या कुंडीतलेही रोप तसेच वागत असेल तर दोष अक्रोडाचा नाही.

जुन्नरच्या गटाला उत्तर नाही असेच आहे. काश्मीरच्या त्या डेरेदार झाडांखाली दाट सावली असते आणि मुळे पाणी ओढतात. पीक नीट न येण्यात जुग्लोनचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांतच वाद आहे. जुग्लोन तण आणि पीक असा भेद करत नाही, तणनाशक म्हणून त्याची आपल्याकडे नोंदणीही नाही. मुद्दाम पाला आणून अर्क काढलाच, तर निदान तो शेततळ्यात जाऊ देऊ नका. अक्रोडाच्या हिरव्या साली कुटून मासे गुंगवण्याची जुनी रीत आहे, ती उगाच नाही.

ताई, काढ्याबद्दल. पानांत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते, शिवाय क्वेर्सेटिनच्या जातीची फ्लॅव्होनॉइडे (वनस्पतींत सापडणाऱ्या द्रव्यांचा एक गट) आणि थोडा जुग्लोन. टॅनिनमुळे कातडी आकसते, म्हणून युरोपीय औषध संस्थेने या पानांना पारंपरिक वापराची मान्यता दिली ती किरकोळ त्वचादाह आणि हातापायांना येणारा जादा घाम यांसाठी, तीही बाहेरून लावण्यापुरती. साखर कमी होण्याचे प्रयोग प्रामुख्याने उंदरांवरचे. माणसांवरचे छोटे आहेत आणि निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. आई गोळ्या घेत असतील तर वर काढा देऊन साखर एकदम उतरण्याचा धोका पत्करू नका. रक्तक्षय असेल तर टॅनिनमुळे लोह अंगी लागणेही कमी होते. डॉक्टरांना न विचारता सुरू करू नका, आणि चालू गोळ्या तर मुळीच थांबवू नका.

गर मात्र द्या. चरकसंहितेत अक्षोट, म्हणजे अक्रोड, बदामाच्या पंगतीला आहे : गुरू, उष्ण, स्निग्ध. आजच्या तपासणीत 100 ग्रॅम गरात सुमारे 65 ग्रॅम स्निग्धांश, त्यातला जवळपास नऊ ग्रॅम ओमेगा-3 गटातले अल्फा लिनोलेनिक आम्ल, आणि 15 ग्रॅम प्रथिने सापडतात. रोज 30 ग्रॅम अक्रोड रक्तवाहिन्यांची लवचिकता सुधारायला मदत करतो, हा दावा युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मान्य केला आहे. पण 30 ग्रॅम म्हणजे जवळपास 200 कॅलरी. त्या दुसऱ्या कशातून तरी वजा करा, चिवड्यातून केल्या तर उत्तम. भिजवून वरचे तपकिरी साल काढण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे, ती सोडा. एलॅजिटॅनिन हे उपयोगी द्रव्य त्या सालीतच असते आणि किंचित तुरटपणा त्याचाच. तुरट आणि खवट यांत फरक आहे, एवढे लक्षात घ्या : जुन्या तेलासारखा वास आला तर स्निग्धांश हवेने बिघडला आहे, आणि बुरशी दिसली तर अख्खी पिशवी टाका. आपल्या दमट हवेत फोडलेला गर हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. सुक्यामेव्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये.