शिकारी, लष्करी आणि सैनिक मुंग्या

प्रश्न असा आला आहे: उष्ण कटिबंधातल्या जंगलांवरच्या लेखाचा अनुवाद करताना ‘शिकारी मुंग्या’, ‘लष्करी मुंग्या’ आणि ‘सैनिक मुंग्या’ हे शब्द एकमेकांऐवजी वापरले तर चालतील का?

नाही चालणार. अर्थ पार बदलतो.

‘शिकारी’ हा सर्वांत मोकळा शब्द. मुंगी जिवंत भक्ष्य मारून खाते एवढंच तो सांगतो, नात्यागोत्याबद्दल काही नाही. ओडोन्टोमॅकस ही मुंगी सापळ्यासारखे जबडे सताड उघडे ठेवून फिरते आणि भक्ष्याचा स्पर्श होताच ते मिटते. या जबड्यांचा वेग सेकंदाला 35 ते 64 मीटर मोजला गेला आहे. ती पोनेरिनी उपकुळातली (उपकुळ म्हणजे मुंग्यांच्या कुळातला एक मोठा गट). पानं शिवून घरटं करणारी विणकर मुंगीही कसलेली शिकारी, पण ती फॉर्मिसिनी उपकुळातली. म्हणून ‘शिकारी मुंग्यांचं उपकुळ’ असं कृपया लिहू नका. तसं एकच उपकुळ नाही.

‘लष्करी’ हा शब्द जगण्याची रीत सांगतो: झुंडीने शिकार, वारंवार मुक्काम हलवणं आणि कधीच पंख न फुटणारी राणी. अशा मुंग्यांची उदाहरणं: अमेरिका खंडांत एसिटॉन, आफ्रिकेत प्रामुख्याने डोरिलस, आशियात एनिक्टस. एसिटॉन बर्चेली साधारण 20 दिवस एका जागी राहते आणि पुढचे 15 दिवस जवळजवळ रोज तळ हलवते. तो तळही मातीचा नसतो. मुंग्याच एकमेकींच्या पायांत पाय अडकवून त्याच्या भिंती होतात. या मुंग्या पूर्वी वेगवेगळ्या उपकुळांत विभागलेल्या होत्या. 2014 मध्ये अशी सहा उपकुळं एकत्र करून एकच डोरिलिनी मानलं गेलं. तरी ‘लष्करी म्हणजे डोरिलिनी’ हे समीकरण मांडू नये. डोरिलिनीतल्या सगळ्याच मुंग्या अशा जगत नाहीत, आणि पोनेरिनीतल्या लेप्टोजेनिसच्या काही जाती मात्र झुंडीनेच शिकार करतात. नातं सांगायचं असेल तिथे उपकुळाचं नावच लिहावं.

‘सैनिक’ ही जात नव्हे, एकाच वसाहतीतली कामाची विभागणी. एसिटॉनच्या सैनिक मुंगीचे जबडे आकड्यासारखे इतके लांब आणि वाकडे असतात की तिला भक्ष्य उचलून नेता येत नाही. ती राखणच करते. आणि तीही मादीच, तेव्हा ‘सैनिक मुंगी चावली’ असंच लिहावं, ‘सैनिक चावला’ नको.

थोडक्यात वाक्य असं होईल: ‘लष्करी मुंग्यांच्या झुंडीत सैनिक मुंग्या मोजक्याच असतात.’ इथे शब्दांची अदलाबदल करून पाहा, वाक्याला अर्थच उरत नाही.