जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या हँडगार्डला तडा गेलाय, लाकडाच्या गोंदानं चिकटेल का?

तुम्ही लिहिलंय की आजोबांची निकामी केलेली ली-एनफिल्ड रायफल भिंतीवर आहे, मागच्या हँडगार्डला (म्हणजे बंदुकीच्या नळीवरच्या लाकडी आवरणाला) लांबीत तडा गेलाय आणि गोंदानं चिकटवू का. चिकटेल हो, आणि उन्हाळ्यात परत उघडेल. माझं तेच झालं होतं.

मी नाशिकरोडला जुनं फर्निचर दुरुस्त करतो, बंदुका माझा विषय नाही, पण देवळालीला तोफखान्याचं स्कूल असल्यानं रिटायर्ड फौजी गिऱ्हाईक बरंच येतं, त्यातले एक सुभेदार काका असंच हँडगार्ड गोणपाटात गुंडाळून घेऊन आले. पावसाळा होता, लाकूड फुगलेलं, तडा जवळजवळ दिसतच नव्हता, मी पांढरा गोंद भरला, शिकंजा लावला, झालं. एप्रिलमध्ये काका परत दारात. "गोंद काय लावतोस रे, आधी तेल काढ की," म्हणाले. बरोबर होतं त्यांचं. या लाकडाला वर्षानुवर्षं जवसाचं तेल पाजलेलं असतं, वर बंदुकीचं तेल मुरलेलं, त्या तेलकट कडेला कुठलाच गोंद धरत नाही.

म्हणजे खरं काम तेल काढायचं आहे. पांढऱ्या खडूची बारीक पूड ॲसिटोनमध्ये कालवून तड्यावर आतून-बाहेरून थापायची आणि उन्हात ठेवायचं, पूड पिवळी पडली की झटकून परत थापायची, पूड पांढरीच राहीपर्यंत. मला पाच वेळा लागलं. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात तेलकट काहीतरी घातलेलं असतं बऱ्याचदा. आणि हे उन्हाळ्यातच करा, तडा आपोआप उघडलेला असतो, आत पोचता येतं.

मग अॅराल्डाइट (दोन ट्यूबा मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद), पाच मिनिटवालं नाही, साधं हळू वाळणारं. रेझिन-हार्डनर नीट मिसळून हेअर ड्रायरनं किंचित गरम केलं की पातळ होतं, ते तड्यावर सोडायचं आणि आतल्या बाजूनं व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीनं ओढायचं. नळीवर मलमलचं फडकं बांधा, नाहीतर गोंद मशीनमध्ये (बायको काय म्हणाली ते इथं लिहीत नाही). पलीकडून थेंब दिसला की थांबा. आवळायला लोखंडी शिकंजा नको, गोल लाकडावर घसरतो आणि वळ उठवतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापून ताणून गुंडाळायची, खाली प्लास्टिकचा कागद, २४ तास हात लावायचा नाही. तडा लांब असेल तर आतून मलमलची पट्टी अॅराल्डाइटमध्ये भिजवून चिकटवा, पण एकच थर, नाहीतर हँडगार्ड बंदुकीच्या नळीवर टेकतं आणि बसवताना परत फाटतं.

फाटायचं कारणही बहुतेक तेच असतं, बसवणं-काढणं. आत स्प्रिंगच्या पट्टीच्या क्लिपा रिव्हेटनं बसवलेल्या असतात, त्या नळीला धरतात. लोक एका टोकात स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटतात आणि लाकूड चिरतं, नाहीतर साइटच्या (नेम धरायच्या पट्टीच्या) दोन्ही बाजूंचे लाकडाचे पातळ कान तुटतात. दोन्ही हातांनी, साइटची उभी होणारी पट्टी वर करून, दोन्ही टोकं एकदम वर उचला. क्लिपांना चिकटवण्याआधी मेणबत्ती घासून ठेवा, म्हणजे गोंद त्यांना धरणार नाही.

पॉलिशपेपर वरून मारू नका, शिक्के-नंबर जातात आणि त्यातच त्या लाकडाची किंमत आहे. बाहेर आलेला गोंद अर्धवट घट्ट असताना ब्लेडनं हळूच काढा. शेवटी कच्चं जवसाचं तेल, चार थेंब तळहातावर घेऊन चोळायचं, दोन दिवसांनी परत. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेटू शकतं, दोरीवर पसरून वाळवा.

हे सगळं तुमची निकामी आहे म्हणून. चालू, लायसन्सवरची असेल तर तिला हात न लावता लायसन्सवाल्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडेच द्या.

काकांचं हँडगार्ड चार उन्हाळे झाले, नख फिरवलं की अजून रेघ लागते, पण उघडलेलं नाही. कानाचा तुकडा हरवलाय का, ते फोटो टाकून सांगा, पॅचचं काम वेगळं असतं.