पर्यावरणाचा धडा शेवटी ठेवू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं उजळणीचं वेळापत्रक पाहिलं. आनुवंशिकता, पेशीविज्ञान, प्राण्यांचं वर्गीकरण यांना भरपूर दिवस दिलेस ते चांगलंच केलंस. पण ‘पर्यावरणीय व्यवस्थापन’ परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ढकललंयस आणि पुढे लिहिलंयस, ‘सोपा आहे, एकदा वाचला की होतो.’ मुलांचे गुण नेमके इथेच जातात. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ मध्ये चांगली हुशार मुलं लिहून जातात, ‘त्यामुळे पर्यावरणाचा समतोल बिघडतो, म्हणून आपण पर्यावरणाचे रक्षण केले पाहिजे.’ वाक्य चुकीचं नाही, पण त्यात विज्ञान कुठे आहे? कशाचा समतोल, तो कोणामुळे बिघडला, त्याचा फटका कोणाला बसला? तपासणारा हे शोधत असतो आणि त्याला ते सापडत नाही.

म्हणून एक सवय लावून घे. परिसंस्थेवरचा कुठलाही प्रश्न समोर आला की आधी स्वतःला विचार: इथे काय जातंय, कोणाकडून आणि कोणाकडे? उत्तर त्यातून आपोआप उभं राहतं.

सुरुवात नववीच्या पुस्तकापासून कर, ‘परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह’. तो धडा कच्चा असेल तर दहावीचा नुसता पाठ होतो, समजत नाही. अन्नसाखळी काढताना बाणाची दिशा बघ. गवत → नाकतोडा → बेडूक → साप. बाण ज्याला खाल्लं त्याच्याकडून खाणाऱ्याकडे जातो, कारण तो ऊर्जेचा बाण आहे. ‘साप बेडकाला खातो’ असं मनात म्हणत मुलं बाण उलटा काढतात आणि हातचे गुण घालवतात.

मग ऊर्जेचा मनोरा. गवतात १०,००० किलोकॅलरी ऊर्जा धरली, तर नाकतोड्यांकडे साधारण १,०००, बेडकांकडे १०० आणि सापांकडे जेमतेम १०. बाकीची गेली कुठे, हे लिहिल्याशिवाय उत्तर पुरं करू नकोस. प्रत्येक पातळीवर श्वसनातून ती उष्णता होऊन निघून जाते, काही न पचलेल्या अन्नात राहते, काही पुढच्याने न खाल्लेल्या भागात. निघून गेलेली उष्णता वनस्पतींना पुन्हा वापरता येत नाही. ताडोब्यात चितळं कळपाने दिसतात आणि वाघाला मात्र एकट्याला मोठा मुलूख लागतो, त्याचं कारण या आकड्यांत आहे. द्रव्यांचं तसं नाही. कार्बन, नायट्रोजन फिरून फिरून परत येतात. ऊर्जेचा ‘प्रवाह’ आणि द्रव्यांचं ‘चक्र’, हा फरक एका वाक्यात लिहिता आला पाहिजे.

नायट्रोजन चक्र तुला अवघड जातं, हे मला ठाऊक आहे. ते पुस्तकात बघण्याआधी शेतात बघ. तुमच्या रानात हरभरा फुलावर असेल. एक रोप खुरप्याने खालच्या मातीसकट काढ. उपटू नकोस, उपटलं की गाठी तुटून मातीतच राहतात. मूळ बादलीभर पाण्यात हलक्या हाताने हलव. बारीक, वेड्यावाकड्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोड. आतून गुलाबी निघाली तर ती कामावर आहे असं समज. तो रंग लेगहीमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातला. तो गाठीतल्या मोकळ्या ऑक्सिजनला आवर घालतो, कारण नायट्रोजन स्थिर करणारं विकर (एन्झाइम) ऑक्सिजनपुढे टिकत नाही. त्या गाठीत रायझोबिअम जीवाणू राहतात. हवेत नायट्रोजन ७८ टक्के असूनही झाडाला तो थेट घेता येत नाही. जीवाणू तो झाडाला वापरता येईल अशा रूपात देतात आणि बदल्यात झाड त्यांना साखर देतं. म्हणजे पुन्हा तेच: कोणाकडून कोणाकडे काय. कडधान्यानंतर दुसरं पीक घ्यायचं, हे तुझे आजोबा पूर्वापार करत आलेत, त्यामागचं कारण तुला आता लिहिता येईल. पुढचे टप्पे, अमोनीकरण, नायट्रीकरण, विनायट्रीकरण, याच गाठीपासून सुरू करून वहीत काढ. पाठांतर निम्म्यावर येईल.

एका प्रजातीची कहाणी मात्र मुळापासून तयार ठेव. मी गिधाडं सुचवते, कारण त्यांच्यात सगळा धडा येतो. १९९० च्या दशकापासून भारतातली गिधाडं झपाट्याने कमी झाली. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं तर ९९ टक्क्यांहून जास्त. ना शिकार, ना जंगलतोड. आजारी गुरांना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलं जाई. ते जनावर मेलं की औषध मांसात शिल्लक राही, गिधाड ते खाई, त्याची मूत्रपिंडं निकामी होत आणि ते मरे. कारण २००४ मध्ये सिद्ध झालं आणि २००६ मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. आता साखळी पुढे ने: गिधाडं गेली, मेलेली गुरं उघड्यावर पडून राहिली, भटक्या कुत्र्यांना आयतं खाद्य मिळालं, ती वाढली आणि माणसाला रेबीजचा धोका वाढला. असं उत्तर लिहिलंस तर ‘समतोल’ हा शब्द वापरायचीही गरज नाही.

इथे दोन गोष्टींत गफलत करू नकोस. डीडीटी हे कीटकनाशक अन्नसाखळीत पातळीगणिक साठत वर जातं, डायक्लोफिनॅकचं तसं नाही. ते औषध दिलेल्या एका जनावराचं मांससुद्धा गिधाडाच्या जिवावर बेततं. आणि गिधाड विघटक नाही. ते मेलेलं खाणारं भक्षक आहे. विघटन जीवाणू आणि बुरशी करतात.

आसामात जंगल उभं करणाऱ्या जादव पायेंग यांच्यावर टीप आली तर ‘महान निसर्गप्रेमी’ म्हणून परिच्छेद भरू नकोस. ब्रह्मपुत्रेच्या वाळूच्या बेटावर १९७९ च्या सुमारास पुरानंतर सावलीअभावी साप मेलेले त्यांनी पाहिले. त्यांनी आधी बांबू लावला, मग इतर झाडं. सावली आणि पाचोळा आला, माती धरली, कीटक-पक्षी आले, शाकाहारी प्राणी आले, नंतर हत्ती आणि वाघही. उत्पादकांपासून सर्वोच्च भक्षकापर्यंतचा हा क्रम लिही. माणसाविषयीचा आदर त्यातूनच जास्त दिसतो.

कायद्यांची सालं पाठच करायची: वन्यजीव संरक्षण १९७२, वन संवर्धन १९८०, पर्यावरण संरक्षण १९८६. शेवटच्याला भोपाळची डिसेंबर १९८४ ची वायुदुर्घटना जोडून ठेव, साल विसरणार नाहीस. सालांवर याहून जास्त वेळ घालवू नकोस.

वेळापत्रकात एवढाच बदल कर: हा धडा आनुवंशिकतेच्या लगेच नंतर घे आणि आदल्या संध्याकाळी फक्त आकृत्या बघ. या आठवड्यात गिधाडांचं उत्तर पुस्तक मिटून, अर्ध्या पानात लिही आणि फोटो पाठव. प्रत्येक वाक्यात कोणाकडून कोणाकडे काय गेलं, त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढ. ज्या वाक्याखाली रेघ ओढता येणार नाही ते खोड. हरभऱ्याची गाठ आतून हिरवट किंवा तपकिरी निघाली तर तेही कळव, त्याचं कारण आपण फोनवर बोलू.

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझ्या,
बाई