नापास नाही झाली, आजोबांना सांगा

"आम्ही मूळचे सोलापूरचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षं म्युनिकजवळ राहतो. मुलगी दहा वर्षांची, चौथीत. मे महिन्यात शाळेचं प्रमाणपत्र आलं: जर्मन ३, गणित २, परिसर अभ्यास ३. सरासरी २.६६. गिम्नाझिउमला, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेला, २.३३ किंवा त्याहून कमी लागते, म्हणजे आता रिआलशूले, त्याखालच्या पायरीची माध्यमिक शाळा. सासरे रोज व्हिडिओ कॉलवर विचारतात, 'नापास झाली का गं?' आमच्या ओळखीतल्या सगळ्या मराठी घरांतली मुलं गिम्नाझिउमला आहेत. हिच्यात काही खास आहे की नाही, हेच कळेनासं झालंय. सोलापूरला सुट्टीत गेलो की गल्लीतली पोरं जमवते, कोणी तेलुगू बोलणारं, कोणी कन्नड, आणि खेळाचे नियम हीच ठरवते. अभ्यासाला बस म्हटलं की मात्र डोळ्यात पाणी."

ताई, आधी आजोबांचा प्रश्न मिटवू. नापास झालेली नाही. तिकडे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ६ म्हणजे तळ. आपल्या सवयीच्या डोळ्यांना ३ दिसला की उगाच पोटात गोळा येतो. तुमच्या बव्हेरिया राज्यात रिआलशूले दहावीपर्यंत असते आणि सातवीपासून मूल आपल्या कलाप्रमाणे विषयगट घेतं. दहावीला बरे गुण पडले तर पुढे फाखओबरशूले, म्हणजे व्यवसायाकडे झुकणारी उच्च माध्यमिक शाळा आहे, आणि तिथून उच्च शिक्षणाकडे रस्ता जातो. वळसा आहे, पण रस्ता आहे. ज्यांची मुलं सरळ गेली त्यांच्याशी तुलना करून तुम्हाला काय मिळणार?

आता तेच तीन आकडे पुन्हा बघा. परिसर अभ्यासाची उत्तरंही जर्मनमध्येच लिहायची असतात. म्हणजे तीनपैकी दोन विषय लेखी जर्मनवर उभे, आणि घरात तुम्ही मराठी बोलता. (बोलत राहा. ते सोडू नका.) आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींपुढेही हीच अडचण होती: पोरांच्या घरात कन्नड, पुस्तकं दुसऱ्या भाषेत. त्यांनी 'पोरं ढ आहेत' असा शेरा मारला नाही. ते स्वतः कन्नड शिकले, धडे मुलांच्या भाषेत आणले, पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला.

पण तुमच्या पत्रात मला खरी सापडली ती शेवटची दोन वाक्यं. पानभर गुण, आणि मुलगी दोन वाक्यांत. त्यातही तो 'मात्र'. मला तो टोचला, कारण तसला 'मात्र' मी स्वतः शिक्षिका असताना कैक पोरांच्या प्रगतिपुस्तकात लिहिला आहे.

सोलापूरच्या पूर्व भागातला एक मुलगा होता माझ्या वर्गात, सातवी-आठवीतला. घरी तेलुगू, शाळेत मराठी. गृहपाठ कधी पुरा नाही, आलेख काढायला दिला की वही कोरी. तक्रार करायला मी त्याच्या घरी गेले. खाली यंत्रमागांचा खडखडाट, माळ्यावर हा पठ्ठ्या जेकार्डच्या पत्त्या लावत बसलेला. चादरीवरची नक्षी ज्यावरून विणली जाते त्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या. भोक असलं की ताण्याचा उभा धागा उचलला जातो, नसलं की खालीच राहतो, आणि मधून आडवा बाणा जातो. एक पत्ती उलटी लागली होती. त्याने न विणताच ओळखलं, म्हणाला, "बाई, मोराची मान तुटेल." मी हातात आलेखवही घेऊन उभी! तीच चौकट, तेच उभे-आडवे. पुढच्या आठवड्यात मी त्याला वहीत मोर काढायला लावला आणि प्रत्येक चौकोनाचा पत्ता लिहायला लावला. आलेख जमले. बीजगणित शेवटपर्यंत कच्चंच राहिलं, हेही सांगते, नाहीतर तुम्ही चमत्काराची वाट बघत बसाल.

तर मुलाचं बळ शोधायचं कुठे? कोणी सांगितलेलं नसताना ते काय करतं, आणि कुठल्या अडचणीपाशी चिडूनही टिकून राहतं, तिथे. इंटरनेटवरच्या 'तुमचं मूल बघून शिकतं की ऐकून' छापाच्या चाचण्यांवर पैसे घालवू नका. तशा शैलीनुसार शिकवलं तर मूल जास्त शिकतं, याला ठोस पुरावा मिळालेला नाही. आणि 'नेतृत्वगुण आहेत' म्हणून लगेच नाट्यशिबिर, वक्तृत्व, बुद्धिबळ असे क्लास लावत सुटू नका. क्लासच्या वेळापत्रकात गल्ली मावत नाही.

तुमच्या मुलीला तीन भाषांतली पोरं एका खेळात आणता येतात. मोठ्यांनाही सहज न जमणारी गोष्ट आहे ही. पण ती सगळी तोंडी आहे, आणि तिची अडचण लेखी. तेव्हा तिला एक काम द्या. लगोरीचे नियम जर्मनमध्ये लिहायचे, अशा पोरांसाठी ज्यांनी लगोरी कधी पाहिलेली नाही. सात चपटे दगड कसे रचायचे, चेंडू कुठून मारायचा, बाद कोण. मग तो कागद शेजारच्या दोन पोरांना द्यायचा आणि हिने तोंड बंद ठेवून बाजूला बसायचं. पोरं जिथे अडतील तिथे हिचं वाक्य अपुरं आहे. ती चडफडेल. दुरुस्त करेल. तुम्ही व्याकरण तपासायला मध्ये पडायचं नाही. ते तिसऱ्या-चौथ्या खेपेला, तिने विचारलं तर.

महिनाभर तुमची एक वहीही ठेवा, तिला न दाखवता. रोज एकच ओळ: आज ती कशात रमली, किती वेळ. 'हुशार', 'आळशी' हे शब्द त्या वहीत लिहायचे नाहीत.

रिआलशूलेत सप्टेंबरमध्ये वर्गशिक्षकांना भेटाल तेव्हा गुण त्यांच्याकडे असतीलच. तुम्ही वही आणि नियमांचे कागद घेऊन जा, पहिल्या खर्ड्यासकट.

राहिले आजोबा. त्यांना समजावण्यात शक्ती घालवू नका. पुढच्या कॉलला तिला नियम मराठीतून सांगायला लावा. ते लगोरी खेळलेले असणार, आमच्या पिढीत कोण नाही खेळलं? चुका काढतील, "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणतील, वाद घालतील. घालू द्या. तुम्ही तेवढ्यात चहा टाका.