निवडणुकीच्या काळात पेपरातली 'बातमी' पैसे देऊन छापलेली आहे, हे कसं ओळखायचं?

मजकुराखाली बातमीदाराचं नाव नाही, 'जाहिरात' असंही छापलेलं नाही, आणि उमेदवाराला एकही अडचणीचा प्रश्न विचारलेला नाही, तर शंका घ्या. त्याच दिवशीचे दुसरे दोन पेपर शेजारी ठेवून पाहा. वाक्यं शब्दशः जुळली तर मजकूर उमेदवाराच्या कचेरीतून आलाय असं समजायला हरकत नाही. 2009च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत हेच घडलं होतं: एकमेकांच्या स्पर्धक पेपरांत तोच लेख, कुठे तर वेगवेगळ्या नावांनी! कधी एकाच पानावर दोन विरोधी उमेदवारांचा 'विजय निश्चित' असतो.

परिणाम होतो तो कुंपणावरच्या मतदारावर. जाहिरात बघताना आपण सावध असतो, बातमी वाचताना नसतो. म्हणून हा प्रकार मला उघड प्रचारापेक्षा जास्त घातक वाटतो.

तक्रार जिल्हाधिकारी कार्यालयातल्या माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडे (एमसीएमसी) करा. अख्खं पान जपून ठेवा. नुसत्या कात्रणात तारीख आणि आवृत्ती राहून जाते. जुळणारा दुसरा मजकूरही जोडा. उशीर करू नका. उमेदवाराला नोटीस पाठवायला 96 तासांची मुदत असते, त्याला उत्तराला 48 तास. ठपका टिकला तर जाहिरातीच्या दराने रक्कम त्याच्या खर्चात धरतात. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा 40 लाख रुपये आहे.

पेड न्यूज हा लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्वतंत्र गुन्हा नाही. खरी पळवाट इथेच आहे.